‘जैत रे जैत’ : स्वतंत्र चित्रपटाची घडण आणि बोलीचे ऋण

१

चित्रपटाच्या विवेचनात ‘स्वतंत्र’ हे विशेषण अलीकडे इतक्या सैलपणे योजले जाते की, त्यापासून नेमका कोणता अर्थ घ्यावयाचा, असा प्रश्न अभ्यासकाला पडावा. अल्प भांडवलात तयार झालेला चित्रपट तो स्वतंत्र, अशी एक व्याख्या केली जाते. नामवंत नटनटी टाळणारा तो स्वतंत्र, ही दुसरी. महोत्सवांतून गाजलेला पण चित्रपटगृहात न टिकलेला तो स्वतंत्र, अशी तिसरी व्याख्याही, कोणी स्पष्टपणे मांडली नसली तरी, व्यवहारात रूढ झालेली दिसते. या तिन्ही व्याख्या चित्रपटाच्या बाह्य परिस्थितीविषयी काही सांगतात. कलाकृतीविषयी मात्र फारसे सांगत नाहीत. चित्रपट कोणाच्या पैशाने, कोणत्या माणसांनी, कोणत्या भूमीवर आणि कोणत्या बोलीत घडविला, या गोष्टींचा त्याच्या घाटाशी काही आंतरिक संबंध असतो काय, हा खरा समीक्षेचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात तो एका चित्रपटाच्या आधारे तपासून पाहावयाचा आहे. हा चित्रपट म्हणजे डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला, गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारलेला ‘जैत रे जैत’ (१९७७).

या निवडीला एक स्थानिक कारणही आहे. मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्यास वाशिंद सोडून गाडी आसनगावकडे निघाली की माहुलीच्या डोंगराचे सुळके दिसू लागतात. या डोंगराच्या पायथ्याशी, तसेच शहापूर व मुरबाड तालुक्यांत सह्याद्रीच्या कुशीत सर्वत्र ठाकरवाड्या विखुरलेल्या आहेत. ज्या कर्नाळ्याच्या परिसराशी दांडेकरांची कथा निगडित आहे तो येथून दूर, दक्षिणेस पनवेलच्या बाजूला असला, तरी ज्या ठाकर समाजाची ती कथा आहे तो समाज या दोन तालुक्यांत आजही मोठ्या संख्येने नांदत आहे. त्या समाजातील मुलेमुली आता पदवी व पदव्युत्तर वर्गांत येऊन बसू लागली आहेत. प्रस्तुत लेखकाने हा चित्रपट आपल्या विद्यार्थ्यांसमवेत पाहिला, त्या वेळी वाशिंदजवळच्या एका वाडीतील विद्यार्थ्याने काढलेले उद्गार या लेखाला निमित्त झाले. पडद्यावरचा ढोल आपण तत्काळ ओळखला, परंतु पडद्यावरची माणसे जे बोलतात ते कोठले बोलणे आहे हे आपल्याला उमगले नाही, असे त्याने संकोचत सांगितले. वर्गातील इतरांना त्या भाषेत काही खटकले नव्हते. ती त्यांना ‘आदिवासी’ वाटली होती. एकाच चित्रपटाविषयी या दोन प्रतिक्रिया का व्हाव्यात, याचा शोध घेतला असता तो चित्रपटाच्या निर्मितिप्रक्रियेपर्यंत जाऊन पोहोचतो.

२

‘जैत रे जैत’ घडविणारी मंडळी चित्रपटव्यवसायातून आलेली नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ; दौंड येथे त्यांचा दवाखाना होता. नाग्याची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे मानसोपचारतज्ज्ञ. संवाद लिहिणारे सतीश आळेकर पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करीत. पोटापाण्याचा उद्योग निराळा असल्यामुळे या मंडळींना नाटक किंवा चित्रपट यांवर उपजीविका चालवावयाची नव्हती. धंद्याच्या गणिताशी तडजोड करण्याची जी सक्ती व्यावसायिकावर असते ती त्यांच्यावर नव्हती. मराठी रंगभूमीवरील हौशी परंपरेने दिलेले हे स्वातंत्र्य होते. चित्रपटाच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच घेतली जाते.

या मंडळींचा पूर्वानुभव १९७२ सालच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा होता. विजय तेंडुलकरांच्या त्या नाटकाच्या प्रयोगानंतर उद्भवलेल्या मतभेदांतून ही मंडळी मूळ संस्थेतून बाहेर पडली आणि १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन झाली. ‘घाशीराम’मध्ये गाणाऱ्या-नाचणाऱ्या पुरुषांची एक रांग रंगमंचावर उभी असते. ती कधी भिंत होते, कधी जमाव होते, कधी निवेदक होते. ही योजना केवळ नाट्यतंत्राची करामत नव्हती. कथा कोणी सांगावयाची, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते. कथा एका पात्राची नसून समूहाची आहे आणि समूहच ती गाऊन सांगत आहे, असा तो घाट होता. पाच वर्षांनी तोच घाट ‘जैत रे जैत’मध्ये पुन्हा अवतरलेला दिसतो. या दोहोंतील नाते प्रस्तुत लेखकाच्या मते निर्णायक आहे. त्याचा विचार पुढे करू.

दुसरा पूर्वानुभव ‘सामना’ या चित्रपटाचा. चित्रकलेचे शिक्षक असलेले कवी रामदास फुटाणे यांनी निर्मिलेला, तेंडुलकरांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेसाठी निवडला गेला. चित्रपटव्यवसायाच्या परिघाबाहेरचा मनुष्य निर्माता होऊ शकतो आणि नाटकाच्या मंडळींकडून चित्रपट करवून घेऊ शकतो, हे त्याने सिद्ध केले. हिंदीत अशा चित्रपटांना १९६० मध्ये स्थापन झालेल्या चित्रपट वित्त महामंडळाचा आधार मिळे. मराठीत मात्र हा भार बहुधा व्यक्तींनीच उचलला.

‘जैत रे जैत’चा भार उचलला तो मंगेशकर कुटुंबाने. उषा मंगेशकर निर्मात्या आणि हृदयनाथ मंगेशकर संगीतकार, अशी ही योजना होती. आता निर्मात्याचे घर जर संगीताचे असेल तर चित्रपटात संगीताला अग्रस्थान मिळणार, हे सांगावयास नको. डझनाहून अधिक गीते असलेला चित्रपट ‘स्वतंत्र’ कसा म्हणावयाचा, अशी शंका या ठिकाणी घेता येईल. गाणी ही तर धंदेवाईक चित्रपटाची खूण! परंतु धंदेवाईक चित्रपटात गीत हा कथेतील विसावा असतो, आणि येथे गीत हेच कथेचे वाहन झाले आहे. आर्थिक परिस्थितीने जे पुढे केले त्याचे दिग्दर्शकाने घाटात रूपांतर केले. भांडवल आणि घाट यांचा आंतरिक संबंध, असे आपण वर म्हटले, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी चित्रपटात सापडणे कठीण आहे.

३

कथा थोडक्यात अशी. ठाकरवाडीतील भगताचा मुलगा नाग्या हा पुण्यवंत होण्याची आस धरलेला, ढोल वाजविणारा तरुण. लिंगोबाच्या डोंगरावर आग्यामोहोळाची पोळी आहेत. त्या डोंगरावर गेलेल्या नाग्याच्या डोळ्याला राणीमाशी डंख करते आणि त्याचा डोळा जातो. ज्या देवावर विश्वास ठेवला त्याच्याच डोंगरावर हा घात झाला, म्हणून तो त्या माशीचा सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो. नको असलेल्या नवऱ्याचे घर सोडून आलेली चिंधी त्याच्यावर जीव लावते, त्याची होते आणि त्याच्या प्रतिज्ञेत सहभागी होते. नाग्या अखेर पोळी पाडतो. जैत, म्हणजे विजय, होतो. परंतु त्या विजयाची किंमत चिंधीच्या प्राणाने चुकती होते.

ही कथा वास्तववादी पद्धतीने सांगावयाची झाली असती, तर चित्रपटाची फसगत होण्याचा मोठा संभव होता. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील हे दोघेही पुण्याच्या नागर वातावरणात वाढलेले. स्मिता पाटील यांचा जन्म १९५५ चा, आणि चित्रपटात येण्यापूर्वी मुंबई दूरदर्शनच्या वृत्तनिवेदिका म्हणून त्या परिचित झाल्या होत्या. वेषभूषा कितीही काटेकोर केली आणि उन्हात कातडी कितीही रापविली, तरी चालण्याबसण्याची, डोंगर चढण्याची, ओझे वाहण्याची जी देहबोली पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमातून येते ती काही आठवड्यांत साध्य होत नाही. निव्वळ वास्तवाचा आभास उभा करू पाहणाऱ्या चित्रपटात ही उणीव प्रत्येक चौकटीत उघडी पडली असती.

चित्रपटकर्त्यांनी हा आभास उभा करण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी कथनाची धुरा गाणाऱ्या समूहावर सोपविली. आपण प्रत्यक्ष जीवन पाहत नसून कोणीतरी सांगितलेली कथा पाहत आहोत, याची जाणीव प्रेक्षकाला प्रारंभापासून राहते. एकदा ही भूमिका पक्की झाली की नटाने ठाकर ‘असण्याची’ अपेक्षा उरत नाही. त्याने ठाकराची कथा सादर करावी, इतकीच अपेक्षा राहते. दशावतारात किंवा तमाशाच्या वगात राजा झालेल्या नटाकडून आपण जी मागणी करतो तीच येथे करावयाची. निळू फुले यांची घडण सेवादलाच्या कलापथकात झाली आणि सुलभा देशपांडे यांची प्रायोगिक रंगभूमीवर. हे दोघे या चित्रपटात परके वाटत नाहीत ते याच कारणास्तव. ‘घाशीराम’मधील मानवी भिंत येथे डोंगराच्या उतारावर येऊन उभी राहिली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या घाटाचा आणखी एक लाभ चिंधीच्या व्यक्तिरेखेला झाला आहे. कादंबरीचा नायक नाग्या, प्रतिज्ञा त्याची, विजय त्याचा. चित्रपटात मात्र लयीची सूत्रे पुष्कळदा चिंधीकडे जातात. तिची इच्छा, तिचे रुसणे, आपल्या देहाविषयीचा तिचा निःसंकोचपणा या गोष्टी संवादातून सांगितल्या असत्या तर त्या नागर प्रेक्षकाला एक तर धीट वाटल्या असत्या किंवा हास्यास्पद. गीतातून आल्यामुळे त्यांना निसर्गक्रमाची सहजता प्राप्त झाली. नवऱ्याचे घर सोडणे हा ज्या समाजात कलंक न मानता व्यवहार मानला जातो, त्या समाजाची नीती येथे उपदेशाशिवाय व्यक्त झाली आहे. शेवटी मात्र कथा आपल्या मूळ नायकाकडे परतते, आणि चिंधीचा मृत्यू त्याच्या विजयाची छाया म्हणून उरतो. तिने सहभाग दिलेल्या प्रतिज्ञेत तिचे स्वतःचे काय होते, हा प्रश्न चित्रपट विचारावयास येतो आणि न विचारताच थांबतो. ही त्रुटी दिग्दर्शनाची नाही. मूळ कथेचा साचा एका पुरुषाच्या ईर्ष्येवर रचलेला आहे, तिचे मूळ तेथे आहे.

४

आतापर्यंत घाटाचे यश पाहिले. आता त्या यशाचे मूल्य काय पडले, ते पाहावयाचे.

पहिले मूल्य सामाजिक आशयाचे. लिंगोबाच्या डोंगरावर देव आहे, माशी आहे, पुण्य आहे आणि पाप आहे. पण जंगलखाते नाही, सावकार नाही आणि ठेकेदारही नाही. ठाणे जिल्ह्याच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला ही अनुपस्थिती तीव्रतेने जाणवेल. याच जिल्ह्याच्या उत्तर भागात, त्या वेळच्या सीमांनुसार, १९४५ पासून वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. त्याची कहाणी गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात सांगितली आहे, आणि तो ग्रंथ हा चित्रपट निघण्यापूर्वी सात वर्षे मराठी वाचकांच्या हाती होता. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ सालचे. त्यानंतर वैतरणा आणि भातसा यांचेही पाणी मुंबईला गेले, आणि डोंगरातील माणसाचे जंगलाशी व जमिनीशी असलेले नाते या काळात मुळापासून बदलले. चित्रपटातील वाडी या इतिहासाच्या बाहेर, कालातीत अशा अवकाशात वसलेली आहे.

तथापि केवळ एवढ्यावरून चित्रपटाला दोषी ठरविणे न्याय्य होणार नाही. प्रत्येक कलाकृतीने प्रत्येक अन्यायाची नोंद केलीच पाहिजे, हा आग्रह समीक्षेला शोभत नाही. चित्रपटाने मिथ्यकथेचा मार्ग पत्करला आहे, आणि देवाच्या न्यायाविषयी प्रश्न करणारा नाग्या हा त्या मार्गानेही पुरेसा बंडखोर ठरतो. एवढे मात्र म्हटले पाहिजे की, गीतकथनाचा घाट स्वभावतःच मिथ्यकथेला अनुकूल आणि इतिहासाला प्रतिकूल असतो. त्याची निवड केली त्याच वेळी काय येणार नाही हेही ठरून गेले.

दुसरे मूल्य बोलीचे, आणि ते अधिक गंभीर आहे. चित्रपटाच्या भाषेची जडणघडण कशी झाली ते पाहा. मूळ कादंबरीकार दांडेकर यांचा जन्म १९१६ साली विदर्भातील परतवाड्याचा. पायी भ्रमंती करून त्यांनी सह्याद्री व कोकण आपलेसे केले, आणि प्रादेशिक बोलींना मराठी कादंबरीत स्थान मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. गीतांचा मुख्य भाग ना. धों. महानोर यांचा, ते अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेड्याचे शेतकरी कवी, आणि ‘रानातल्या कविता’ (१९६७) या संग्रहाने आपल्या मातीचा शब्द त्यांनी मराठी कवितेत आणला होता. संवाद पुण्याच्या आळेकरांचे. म्हणजे कोकणपट्टीतील डोंगराळ भागात राहणाऱ्या समाजाची वाणी विदर्भात जन्मलेल्या कादंबरीकाराच्या कानातून, मराठवाड्याच्या उंबरठ्यावरील कवीच्या शब्दांतून आणि पुण्याच्या नाटककाराच्या संवादांतून गाळून आपणांपर्यंत आली. हे तिघेही समर्थ लेखक. त्यांनी निर्माण केलेली भाषा सुंदर आहे. ती लयबद्ध आहे आणि एकजीवही आहे. पण ती कोणत्याही वाडीत बोलली जात नाही. तो विद्यार्थी गोंधळला तो याचमुळे, आणि इतरांना काही खटकले नाही तेही याचमुळे. नागर प्रेक्षकाच्या कानात रानाची म्हणून जी एक भाषा अगोदरच वसलेली असते, तिच्याशी ही भाषा जुळली.

येथे कोणी म्हणेल की, नाटककाराने वा कवीने आपली भाषा घडवावी हाच तर कलेचा धर्म. हे मान्य. परंतु ठाकर समाज हा काही अज्ञात समाज नव्हता. ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतील ठाकरांविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९६० मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्याआधी ना. गो. चापेकर यांनी ‘आमचा गाव – बदलापूर’ (१९३३) लिहून या प्रदेशाच्या गावपाहणीचा पायंडा घालून दिला होता. क ठाकर आणि म ठाकर असे दोन पोटविभाग, त्यांच्या चालीरीती, कांबड नाचासारखे नृत्यप्रकार, या सर्वांची माहिती उपलब्ध होती. चित्रपटाने ढोल घेतला, नाचाची लय घेतली, डोंगर घेतला. बोली तेवढी घेतली नाही. जे नेत्रांना व कर्णांना सुखवील ते उचलले गेले आणि ज्यासाठी प्रेक्षकाला कष्ट पडले असते ते मागे राहिले. याला मी ऋण म्हणतो. ऋण घेणे हा अपराध नव्हे; ते घेतले आहे हे विसरणे मात्र अपराध ठरू शकते.

५

हा पेच केवळ आपल्याकडचा आहे असे मानण्याचे कारण नाही. इंग्रजीच्या दडपणाखाली जिची मूळ भाषा पश्चिम किनाऱ्यावरच्या काही पट्ट्यांत उरली, त्या आयर्लंडच्या चित्रपटांत तो याहूनही ठळकपणे दिसतो. तुलनेसाठी तेथील दोन चित्रपट पाहू.

पहिला रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘मॅन ऑफ ॲरन’ (१९३४). पश्चिमेकडील ॲरन बेटांवरच्या एका कोळी कुटुंबाचे जीवन त्यात दाखविले आहे. बेटावरील रहिवाशांनीच भूमिका केल्या, म्हणून तो सत्यदर्शी मानला गेला आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. वस्तुतः पडद्यावरचे ते कुटुंब खरे कुटुंब नव्हतेच. दिग्दर्शकाने निरनिराळ्या घरांतून माणसे निवडून ते जुळविले होते. शार्कची जी शिकार त्यात दाखविली आहे ती बेटावर कित्येक दशकांपूर्वी बंद पडली होती. बेटकऱ्यांना ती चित्रणासाठी नव्याने शिकवावी लागली. माणसे तेथील, भूमी तेथील, समुद्रही तेथीलच. तरीही जीवन तेथील नव्हे. स्थानिक माणसांना पडद्यावर आणले म्हणजे सत्य हाती लागते, ही समजूत किती फसवी आहे, हे यावरून कळते. त्या मानाने ‘जैत रे जैत’ अधिक प्रामाणिक ठरतो, कारण तो कथा सांगत असल्याचे लपवीत नाही.

दुसरा चित्रपट बॉब क्विन यांचा ‘पोचीन’ (१९७८). काळाच्या दृष्टीने तो ‘जैत रे जैत’चा जवळजवळ जुळा भाऊ. क्विन हे आयर्लंडच्या राष्ट्रीय दूरदर्शनची नोकरी १९६९ मध्ये सोडून कॉनमारा या आयरिश भाषा बोलणाऱ्या किनाऱ्यावर राहावयास गेले, आणि सिनेगेल या आपल्या छोट्या संस्थेमार्फत तेथेच चित्रपट करू लागले. ‘पोचीन’ म्हणजे चोरून गाळलेली दारू. आपल्याकडील मोहाच्या दारूभट्ट्या ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हा विषय परका वाटणार नाही. डोंगरात दारू गाळणारा एक म्हातारा, त्याची मुलगी आणि त्याचा माल विकणारे दोन उनाड अडते, एवढ्या पात्रांची ही कथा. अडते त्याला फसवितात, घरात घुसून धुडगूस घालतात, बटाटे उधळतात; शेवटी म्हातारा त्यांना तळ्यात बुडवून शांतपणे सूड उगवितो. संपूर्ण संवाद आयरिश भाषेत असलेला हा पहिला कथाचित्रपट मानला जातो. १९७९ च्या १७ मार्चला, म्हणजे संत पॅट्रिकच्या राष्ट्रीय सणादिवशी, तो दूरदर्शनवर दाखविला गेला, तेव्हा मोठी खळबळ उडाली. पश्चिम किनारा म्हणजे साधी, पवित्र, अभंग आयरिश संस्कृती, असे जे चित्र शहरी मनाने जपले होते त्याला त्या चित्रपटाने तडा दिला होता.

या ठिकाणी दोन्ही चित्रपटांतील साम्य आणि भेद पाहण्यासारखे आहेत. ‘पोचीन’मधील प्रमुख भूमिकाही सिरिल क्युसॅक, डोनल मॅकॅन, नील टोबीन अशा नामवंत व्यावसायिक नटांच्याच होत्या. तेव्हा नट बाहेरचे असणे हा निर्णायक मुद्दा नव्हे. भेद दोन गोष्टींत आहे. क्विन त्या भूमीवर राहावयास गेले होते. चित्रीकरण संपले की परतण्याचे त्यांना कारण नव्हते. आणि भाषेच्या बाबतीत त्यांनी प्रेक्षकाला सवलत दिली नाही. डब्लिनच्या प्रेक्षकाने तळटिपा वाचाव्यात, पण म्हाताऱ्याने आपल्याच भाषेत बोलावे, असे त्यांनी ठरविले. त्यामुळे त्यांना काही गमवावेही लागले. ‘पोचीन’ला गीताची उदारता नाही, तो कोरडा आहे, कठोर आहे आणि त्याचा प्रेक्षकवर्ग मर्यादित राहिला. ‘जैत रे जैत’ने १९७७ सालच्या उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला, आणि त्याची गाणी ज्यांनी चित्रपट कधी पाहिला नाही अशा घरांतूनही आज गायिली जातात. प्रत्येकाने जे कमावले ते दुसऱ्याने गमावले.

मात्र ‘पोचीन’ने जी वाट काढली ती वाया गेली नाही. २०२३ साली कोलम बरेड यांच्या ‘शांत मुलगी’ अशा अर्थाचे आयरिश नाव असलेल्या चित्रपटाला ऑस्करच्या परभाषिक विभागात नामांकन मिळाले. तो मान मिळविणारा आयरिश भाषेतील तो पहिलाच चित्रपट. त्यामागे तेथील चित्रपटसंस्था आणि आयरिश भाषेची दूरचित्रवाहिनी यांची त्या भाषेतील चित्रपटांसाठी आखलेली स्वतंत्र योजना होती. एका माणसाच्या हट्टाला पुढे संस्थेचे रूप आले, असा हा प्रवास आहे.

६

आपल्याकडे ‘जैत रे जैत’नंतर बोलीचा प्रश्न सुटला काय? अंशतः. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) करमाळ्याकडील गावची बोली, तिच्या सर्व खडबडीतपणासह, पडद्यावर आणली. तिचा नायक सोमनाथ अवघडे हा हलगी वाजविणारा मुलगा होता. येथे वाद्य आणि वाणी यांची ताटातूट झाली नाही. जो हलगी वाजवितो तोच बोलतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी या भाषा एकाच न्यायालयात नांदतात, आणि कोण कोणत्या भाषेत बोलतो यावरून त्याचे समाजातील स्थान कळते. लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतील कार्यकर्ते होते. या चित्रपटांत बोली ही सजावट राहिलेली नाही. ती आशयाचा भाग झाली आहे. परंतु हे दोन्ही चित्रपट दलित जीवनाशी व त्यातून उभ्या राहिलेल्या साहित्यिक-सांस्कृतिक चळवळीशी जोडलेले आहेत. लेखन, शाहिरी, सभा, नियतकालिके अशी अर्धशतकाची तयारी त्यांच्या पाठीशी होती. शहापूर-मुरबाडच्या ठाकरवाडीपाशी अशी तयारी अद्याप नाही. तिची उभारणी केल्यावाचून तेथून चित्रपट येण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा. चित्रपटाचे स्वातंत्र्य केवळ भांडवलावरून मोजता येत नाही. ‘जैत रे जैत’ भांडवलाच्या बाबतीत बाजारापासून स्वतंत्र होता, घाटाच्या बाबतीत प्रचलित संकेतांपासून स्वतंत्र होता. परंतु आपल्या प्रेक्षकाच्या कानापासून तो स्वतंत्र होऊ शकला नाही. पहिली दोन स्वातंत्र्ये मिळविणे हे त्या मंडळींच्या हाती होते व ती त्यांनी पूर्णांशाने मिळविली. तिसरे स्वातंत्र्य एकट्या चित्रपटकर्त्याच्या हाती नसते. ज्या भाषेत श्रोता तयार झालेला नाही, तिच्यात बोलण्याचे धाडस कलावंताने करावे अशी अपेक्षा आपण करू शकतो, सक्ती करू शकत नाही. श्रोता तयार करणे हे काम शाळांचे, विद्यापीठांचे आणि समीक्षेचे आहे. ते आपण केले नाही, म्हणून चित्रपटाला सोयीची भाषा घ्यावी लागली. त्या दृष्टीने पाहता, चित्रपटाच्या दोषात आपलाही वाटा आहे.

अभ्यासकांसमोर यातून दोन कामे उभी राहतात. ‘जैत रे जैत’ची कादंबरी, चित्रपटातील संवाद आणि गीते यांतील भाषेची शहापूर, मुरबाड व कर्जत तालुक्यांतील ठाकरांच्या आजच्या बोलीशी पद्धतशीर तुलना करणे, हे पहिले. त्यासाठी वाडीवाडीत जाऊन वृद्ध स्त्रीपुरुषांची बोलणी, कहाण्या व गाणी ध्वनिमुद्रित करावी लागतील, आणि ती उतरवून घेण्याचे काम त्याच समाजातील विद्यार्थ्यांकडे सोपवावे लागेल. कारण त्या बोलीतील सूक्ष्म भेद त्यांनाच ऐकू येतात. दुसरे काम म्हणजे त्या संग्रहाचा वापर करून त्या विद्यार्थ्यांना स्वतः कथा, नाटक, लघुपट रचण्यास उद्युक्त करणे. चित्रीकरणाची साधने पूर्वीच्या मानाने आता पुष्कळच सुलभ झाली आहेत. साधनांची अडचण हे कारण त्यामुळे पुढे करता येणार नाही.

ज्या विद्यार्थ्याच्या उद्गारांनी या लेखाचा आरंभ झाला, त्याने पुढे आपल्या आजीकडून ऐकलेली एक कहाणी वर्गासाठी लिहून आणली. प्रथम त्याने ती प्रमाण मराठीत लिहिली होती. तिच्यात चूक अशी काही नव्हती. पण ती कोणाचीही असू शकली असती. बोलीत पुन्हा लिहावयास सांगितले, तेव्हा ही अक्षरे कोणती लावावयाची, असा त्याने प्रश्न केला. त्याचे उत्तर प्रस्तुत लेखकापाशी नव्हते. आम्ही दोघांनी मिळून ती कहाणी लिहावयास घेतली आहे. ती पुरी होण्यास किती अवधी लागेल हे आज सांगता येत नाही. तथापि ठाकरवाडीतून एखादा चित्रपट कधी येणारच असेल, तर त्याच्या निर्मितीचा आरंभ अशाच कोठल्या तरी वहीत झालेला असेल, असे मला वाटते.